राजपुत्राला घेऊन आलेले बिशप : चेन्नई, पाँडिचेरी, तंजावर

शुक्रवार, चेन्नई

पिएर पिन्यो द बेएन या फ्रेंच मिशनऱ्याला बिशपपदाची दीक्षा मिळाली ती मद्रासच्या सान थोमेत, २४ फेब्रुवारी १७७४ रोजी. म्हणून दादरहून थेट पाँडिचेरीला जाणारी चालुक्य एक्सप्रेस सोडून आम्ही चेन्नईची गाडी धरली. धाकट्या भावाला हे पटलं नव्हतं. तो मालवाहू बोटींवर इंजिनिअर आहे. सुट्टीत समुद्र, मासे आणि झोप एवढंच त्याला हवं असतं. "बाय, एका मेलेल्या बिशपसाठी एवढा वळसा?" असं तो कल्याण सुटायच्या आतच म्हणाला, आणि मग वरच्या बर्थवर जाऊन सोलापूरपर्यंत झोपला.

सान थोमेची आजची पांढरीशुभ्र, उंच निमुळत्या मनोऱ्याची बॅसिलिका १८९६ ची. पोर्तुगीजांचं जुनं चर्च पाडून ती बांधली. म्हणजे पिन्यो ज्या वेदीसमोर पालथे पडले ती वेदी आता नाही. खाली तळघरात प्रेषित थॉमस यांची कबर आहे, लोक तिच्यासाठी येतात. आम्हीही मेणबत्ती लावली. बाहेर पडलो तर पाठीमागे लगेच समुद्र आणि कोळ्यांची वस्ती, जाळी वाळत टाकलेली. भावाचा चेहरा इथे पहिल्यांदा खुलला.

पिन्यो बिशप झाले, पण कुठले? आद्राँचे. हा पश्चिम आशियातला केव्हाच नामशेष झालेला धर्मप्रांत. तिथे ना चर्च, ना भाविक, आणि पिन्यो तिकडे कधी फिरकलेही नाहीत. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पण यामागे कारण होतं. आशियातल्या बिशपांच्या नेमणुका करण्याचा हक्क पोर्तुगालचा राजा आपला समजत असे, त्याला पदरोआदो म्हणत. त्याला थेट न दुखवता आपली माणसं पाठवायची तर रोमची प्रोपगंडा ही संस्था त्यांना अशा मेलेल्या शहरांची बिशपपदं द्यायची आणि काम मात्र भलतीकडेच सोपवायची. पिन्यो यांच्या वाट्याला आलं कोचीनचीन, म्हणजे आजचा दक्षिण व्हिएतनाम. वसईकर ख्रिस्ती माणसाला हे भांडण समजावून सांगावं लागत नाही. मुंबईत पदरोआदोची चर्चं वेगळी आणि प्रोपगंडाची वेगळी हा प्रकार १९२८ पर्यंत चालला. एकाच गल्लीतली दोन घरं दोन बिशपांना महागुरुस्वामी म्हणत असायची.

शनिवार, पाँडिचेरी

ईसीआरने, म्हणजे किनाऱ्याकाठच्या ईस्ट कोस्ट रोडने, बस. उजवीकडे मिठागरं, डावीकडे मधूनच दिसणारा समुद्र. वाटेत सांगण्यासारखं काही घडलं नाही.

पिन्यो पहिल्यांदा इथे उतरले ते २१ जून १७६६ रोजी. वय चोवीस. उत्तर फ्रान्समधल्या ओरिन्यी गावचे, घरी कातडी कमावण्याचा धंदा. पॅरिसच्या रू द्यु बाक या रस्त्यावरच्या परदेशी मिशन संस्थेत ते तयार झाले आणि लोरियाँ बंदरातून फारसा गाजावाजा न करता निघाले. त्यांनी पाहिलेली पाँडिचेरी आज पर्यटक पाहतात तसली पिवळ्या भिंतींची आणि बोगनवेलींची नव्हती. १७६१ मध्ये इंग्रजांनी शहर जिंकून तटबंदी, गव्हर्नरचा वाडा, चर्चं, सगळं सुरुंग लावून जमीनदोस्त केलं होतं. फ्रेंचांना ते परत मिळालं १७६५ मध्ये, म्हणजे या तरुण पाद्रीच्या अवघं एक वर्ष आधी. व्हाइट टाउन या जुन्या फ्रेंच वस्तीतली बहुतेक घरं त्या राखेवर नंतर उभी राहिलेली आहेत. हॉटेलवाले 'डुप्लेच्या काळातलं घर' असं खुशाल ठोकून देतात, तेव्हा हे ध्यानात ठेवावं. डुप्ले हा त्या विध्वंसाआधीचा फ्रेंच गव्हर्नर.

संध्याकाळी समुद्रकाठच्या रस्त्यावर फिरलो. गाड्या बंद असतात, सगळं गाव तिथे लोटतं. गांधीजींच्या पुतळ्याभोवतीचे नक्षीदार दगडी खांब जिंजीहून आणलेले आहेत असं सांगतात. जिंजी म्हटल्यावर मराठी माणूस थबकतोच. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली तेव्हा पाँडिचेरीची वखार सांभाळणाऱ्या फ्रान्स्वा मार्तँला त्यांच्याकडे वकील पाठवून अभय मागावं लागलं होतं. पुढे राजाराम महाराज जिंजीत वेढ्यात अडकले. त्या पडझडीतले खांब फ्रेंचांनी आपल्या शहराची शोभा वाढवायला उचलून आणले. भाऊ खांबाला टेकून सुंडल खात होता. तो म्हणाला, "म्हणजे हे आपलेच." मी म्हटलं, आपल्याआधी ते नायकांचे होते, तेव्हा जरा दमानं.

रविवार, पाँडिचेरी आणि वीरमपट्टणम

सकाळच्या मिस्साला मिशन स्ट्रीटजवळच्या सांबा कोविलमध्ये गेलो. कोविल म्हणजे देऊळ. इथले तमिळ ख्रिस्ती चर्चलाही तेच म्हणतात. बाहेरून जोडजोडीचे खांब आणि दोन बुटके मनोरे, थेट पॅरिसचा नमुना. आत मोगऱ्याचा वास, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, आणि मृदंग नसला तरी मृदंगाच्याच अंगाने जाणारं गाणं. मला एकही शब्द कळला नाही, पण मिस्साचा क्रम अंगात मुरलेला असतो. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, हे चुकलं नाही.

या जागेचा इतिहास मात्र गुडघे टेकताना टोचतो. जेझुइटांचं चर्च आणि वेदपुरीश्वराचं देऊळ इथे शेजारी शेजारी होतं. पाद्रींना ते देऊळ वर्षानुवर्षं डोळ्यांत सलत होतं. शेवटी १७४८ च्या इंग्रजी वेढ्यात, डुप्लेच्या राज्यात, संधी साधून ते पाडलं गेलं. डुप्लेचे दुभाषी आणि मुख्य दलाल आनंद रंग पिळ्ळै रोज रोजनिशी लिहीत. त्यांनी हा प्रकार मन घट्ट करून, बारीकसारीक तपशिलासह टिपून ठेवला आहे. तेरा वर्षांनी इंग्रजांनी चर्चही पाडलं. आजची इमारत १७७० मध्ये सुरू होऊन १७९१ मध्ये पुरी झाली. म्हणजे १७७० नंतर पिन्यो जेव्हा जेव्हा पाँडिचेरीत होते तेव्हा इथे परात-घमेली आणि चुन्याचे ढीग असणार.

पिळ्ळैंच्या रोजनिशीत आणखी एक नोंद आहे. आधीच्या चर्चमध्ये वरच्या जातीचे ख्रिस्ती आणि अस्पृश्य ख्रिस्ती यांच्यामध्ये आडवी भिंत होती. १७४५ मध्ये अस्पृश्यांनी तक्रार केली आणि ती पाडली गेली. भिंत गेली, जात काही गेली नाही. मिस्सा संपल्यावर भाऊ म्हणाला, आपल्याकडे असली भिंत नव्हती. नव्हती खरी. पण आमच्या वसईच्या सामवेदी ख्रिस्ती घरात कोळ्यांची सून आणायची म्हटली की आमच्या आजीला अचानक ऐकू येईनासं व्हायचं.

दुपारी रिक्षा करून वीरमपट्टणमकडे निघालो. पाँडिचेरीच्या दक्षिणेला, अरियनकुप्पम नदी ओलांडली की हे कोळ्यांचं गाव लागतं. सेंगळुनीर अम्मनचं देऊळ आणि आडी महिन्यातली रथयात्रा यांसाठी ते प्रसिद्ध आहे. फ्रेंच गव्हर्नरही त्या रथाचा दोर ओढायला येत, आणि ती चाल अजून सुरू आहे. वाळूवर रंगीत होड्या, तरटावर वाळत घातलेली सुकट, तिच्याभोवती कावळ्यांना हुसकणारी एक म्हातारी. भाऊ तिच्याशी हातवारे करून भावताव करायला लागला. मी त्याला तिथेच सोडलं आणि काक्कायनतोपच्या बाजूने अरिकमेडूत गेले.

अरिकमेडू पुरातत्त्ववाल्यांना माहीत आहे ते रोमन व्यापारासाठी. १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलरने इथे खोदून इटलीतली तांबडी चकचकीत भांडी आणि दारूच्या सुरया काढल्या. आता सगळं पुन्हा बुजवून टाकलंय. आंब्याची बाग, नदीकडे उतरत जाणारी जमीन, शेळ्या. जमिनीच्या वर उभं असं एकच आहे. विटांच्या दोन उंच भिंती समोरासमोर, मध्ये कमानीची भोकं, माथ्यावर वडाची रोपटी. ही सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, पिन्यो यांच्या काळातली. गिलावा गळून गेलाय. आतल्या विटा पातळ, तळहातापेक्षा थोड्या लांब, आणि मधला चुना अजून इतका पक्का की नखाने खरवडला तर नखच दुखतं. एका कमानीखाली कुणीतरी क्रिकेटचे स्टंप म्हणून खडूच्या तीन रेघा ओढल्या होत्या.

ही सेमिनरी इथे का, याची गोष्ट सयाममधून, म्हणजे आजच्या थायलंडमधून, सुरू होते. परदेशी मिशनचं मोठं गुरुकुल अयुथ्थयाला होतं. तिथे चिनी, सयामी, व्हिएतनामी मुलं पाद्री व्हायला शिकत. ब्रह्मदेशच्या सैन्याने १७६७ मध्ये अयुथ्थया जाळली. त्याआधीच मुलं पळून आजच्या व्हिएतनामच्या नैर्ऋत्य टोकाला, हा तिएनजवळच्या होन दातला पोहोचली होती. तिथे तरुण पिन्यो त्यांचे शिक्षक झाले. बांबूच्या झोपड्या, दलदल, ताप. १७६८ मध्ये एका सयामी राजपुत्राला आसरा दिल्याच्या आरोपावरून तिथल्या सुभेदाराने पिन्योंना पकडून गळ्यात जड लाकडी खोडा घातला आणि सुमारे तीन महिने डांबून ठेवलं. ते सुटले तर पुढच्या वर्षी चाच्यांनी गुरुकुलावर धाड घातली, मुलं मारली. उरलेल्यांना घेऊन ते होडीने मलाक्का, आणि तिथून १७७० मध्ये इथे, वीरमपट्टणमला आले. फ्रेंच निशाणाखाली निदान रात्रीची झोप लागेल एवढ्या आशेने.

तीनेक वर्षं त्यांनी इथे पोरांना लॅटिन शिकवलं. याच काळात काही व्हिएतनामी सहकाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी व्हिएतनामी-लॅटिन शब्दकोश रचला, १७७३ मध्ये. व्हिएतनामी शब्द त्यांच्या जुन्या चित्रलिपीत, शेजारी रोमन अक्षरांत, आणि मग लॅटिन अर्थ. म्हणजे सायगावच्या बोलीचा हा कोश तमिळ कोळीवाड्याच्या हद्दीत, नारळाच्या झावळ्यांखाली लिहिला गेला. हस्तलिखित पासष्ट वर्षं तसंच राहिलं. मग ताबेर नावाच्या दुसऱ्या परागंदा बिशपांनी ते वाढवून १८३८ मध्ये छापलं, तेही बंगालात, सेरामपूरला. आपल्याला सेरामपूर ठाऊक असतं ते विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये तिथे छापलं म्हणून. व्हिएतनामी कोश छापणारेही त्याच प्रोटेस्टंट मंडळींच्या छापखान्यातले, आणि कोशकार कॅथलिक बिशप. युरोपात असता तर एकमेकांच्या दारात उभे राहिले नसते.

माझ्या मते पिन्यो यांचं टिकाऊ काम हे. पण त्यांची आठवण काढतात ती भलत्याच गोष्टीसाठी.

परत येईतो भावाने अर्धा किलो सुकट घेतली होती. ती पुढे तंजावरपर्यंत आमच्याबरोबर फिरली आणि हॉटेलवाल्यांनी प्रत्येक ठिकाणी नाकं मुरडली.

सोमवार, पाँडिचेरी

आज पायी. रू द्युमा, रू रोमँ रोलाँ, कालव्याकाठचा रस्ता. आनंद रंग पिळ्ळैंचा वाडा बाजारात आहे, खाली लाकडी तमिळ खांब आणि वर फ्रेंच पद्धतीचा मजला. शहरभर डुप्ले आहे, जोन ऑफ आर्क आहे, अरविंदबाबू तर आहेतच. आद्राँच्या बिशपांचा कुठे पुतळाही दिसला नाही की रस्त्यावर नावाची पाटी. आणि तरी त्यांच्या आयुष्याचा फासा पडला तो इथेच.

फेब्रुवारी १७८५. इंग्रजांनी १७७८ मध्ये पुन्हा घेतलेली पाँडिचेरी तहानुसार नुकतीच फ्रेंचांच्या हाती येत होती. त्या धांदलीत त्रेचाळीस वर्षांचे बिशप बोटीतून उतरले, सोबत पाच वर्षांचा एक मुलगा, डोक्याला पागोटं गुंडाळलेलं. हा राजपुत्र कान्ह. त्याचे वडील न्गुयेन आन्ह हे दक्षिण व्हिएतनामच्या जुन्या सरदार घराण्यातले. ताय सन बंडखोरांनी सगळं घराणं कापून काढलं, तेव्हा १७७७ मध्ये पंधरा वर्षांच्या आन्हला पिन्यो यांनी लपवलं होतं. पुढे दोघं जंगलातून, बेटांवरून, सयामच्या हद्दीतून एकत्र पळत राहिले. अखेर आन्हने आपला थोरला मुलगा आणि राज्याची मोहोर बिशपांच्या हवाली केली आणि सांगितलं, फ्रान्सच्या राजाकडून फौज आणा.

पोटचा पोर परक्या धर्माच्या माणसाच्या हातात सोपवणारा बाप आणि त्याला घेऊन निघालेला पाद्री, यांपैकी जास्त धाडसी कोण, यावर आम्ही बहीणभावांनी कॉफी हाउसमध्ये बराच वाद घातला. भावाचं मत बापाच्या बाजूने. माझं अजून ठरत नाही.

पाँडिचेरीच्या हंगामी गव्हर्नराने हात वर केले. असली मोहीम राष्ट्राच्या हिताची नाही, असं त्याने वर कळवूनही टाकलं. दीड वर्ष इथे खेटे घालून बिशप जुलै १७८६ मध्ये पोराला घेऊन फ्रान्सला निघाले. व्हर्सायमध्ये मात्र कान्हने सगळ्यांना वेड लावलं. सात वर्षांचं पोर, सोनेरी जरीचा अंगरखा, लाल पागोटं. त्याच्या डोक्याची नक्कल करून राणीच्या केशभूषाकाराने नवी फॅशन काढली. मोपेराँ या चित्रकाराने काढलेलं त्याचं चित्र पॅरिसच्या मिशन संस्थेत अजून आहे. २८ नोव्हेंबर १७८७ रोजी तह झाला. फ्रान्सने चार फ्रिगेट युद्धनौका आणि साधारण साडेसोळाशे सैनिक द्यायचे, बदल्यात तुरान म्हणजे आजचं दा नांग बंदर आणि पुलो कोंदोर बेट घ्यायचं.

कागद चोख होता. फक्त एक गोम होती. मोहीम खरोखर काढायची की नाही, हे पाँडिचेरीचा नवा गव्हर्नर टॉमस कॉन्वे याने ठरवावं, अशी गुप्त सूचना त्याच्याकडे स्वतंत्रपणे गेली होती. तिजोरीत खडखडाट होता, क्रांती वर्ष-दीड वर्षावर आली होती. राजाच्या मंत्र्यांनी बिशपांना नकार द्यायचं टाळलं आणि नकार देण्याचं काम पाँडिचेरीवर ढकललं. सरकारी कचेरीत अर्ज घेऊन फिरलेल्या कुणालाही ही पद्धत ओळखता येईल. साहेब 'मंजूर' लिहितात, आणि खालच्या टेबलाला आधीच फोन गेलेला असतो.

कॉन्वे जन्माने आयरिश, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला, आणि तिथे वॉशिंग्टनविरुद्धच्या कारस्थानात नाव आल्यामुळे बाहेर पडलेला. मे १७८८ मध्ये बिशप तहाचा कागद घेऊन परतले, तेव्हा त्याने एकेक सबब पुढे केली. जहाजं नाहीत, पैसे नाहीत, किनाऱ्याची पाहणी व्हायला हवी. वर्ष गेलं. दोघं एकमेकांना पाण्यात पाहत होते, आणि दोघंही एकमेकांच्या तक्रारी पॅरिसला लिहीत होते. यात कॉन्वेला खलनायक करायची रीत आहे. मला तसं वाटत नाही. सैन्य, पैसा यांचा त्याचा हिशेब बरोबर होता, आणि त्याला दिलेला हुकूमही तसाच होता. बिशपांना मात्र तह म्हणजे राजाचा शब्द वाटत होता.

मग त्यांनी जे केलं ते कुठल्याही सेमिनरीत शिकवत नाहीत. पाँडिचेरीतल्या आणि मॉरिशसच्या व्यापाऱ्यांकडून, स्वतःच्या ओळखीपाळखीतून त्यांनी पैसा उभा केला. दारूगोळा घेतला. फ्रेंच आरमारातून पळालेले, कंटाळलेले, नशीब काढायला निघालेले अधिकारी आणि खलाशी जमवले. मूठभरच माणसं, पण त्यात किल्ले बांधणारा होता, तोफा ओतणारा होता, जहाजं चालवणारे होते. १७८९ च्या उन्हाळ्यात 'मेद्यूज' या युद्धनौकेने बिशप आणि नऊ वर्षांचा कान्ह परत गेले, आणि जुलैच्या अखेरीस व्हिएतनामच्या किनाऱ्याला लागले. दहा दिवसांपूर्वी पॅरिसमध्ये बास्तीयचा तुरुंग पडून क्रांती सुरू झाली होती. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. पुढच्याच वर्षी ओलिव्हिए द प्युईमानेल या तरुणाने सायगावला फ्रेंच धर्तीचा किल्ला बांधून दिला. न्गुयेन आन्हची बाजू तिथून वर यायला लागली.

आणि आता गंमत. घरी परतलेल्या कान्हने पूर्वजांच्या वेदीसमोर वाकायला नकार दिला. इतकी वर्षं बिशपांच्या सावलीत वाढलेलं पोर ते. चिनी परंपरेतल्या पूर्वजपूजेवर रोमने १७४२ मध्ये पुन्हा कडक बंदी घातली होती. राजा हादरला, दरबारात बोंब झाली. जो पूर्वजांपुढे वाकत नाही तो गादीवर बसणार कसा? पिन्यो यांनी पुढे रोमला कळवलं, की या प्रथेत सवलत द्यावी, ती धर्मापेक्षा घराण्याचा आदर म्हणून केली जाते. रोमने ऐकलं नाही. मला यात बिशपांचा सगळा पेच दिसतो. ज्या मुलाच्या जोरावर एक राज्य ख्रिस्ती करायचं त्यांनी मनाशी योजलं होतं, त्या मुलाला त्यांनी इतकं नीट शिकवलं की तो राज्याच्याच कामाचा राहिला नाही.

मंगळवार, वाटेत

पाँडिचेरी, कडलूर, चिदंबरम, कुंभकोणम, तंजावर. बसमध्ये तमिळ सिनेमा, आवाज फुल. चिदंबरमला केळीच्या पानावर जेवण. कुंभकोणमची कॉफी तिच्या नावाला जागली. संध्याकाळी तंजावरला पोहोचलो, अंग आंबून गेलं होतं.

बुधवार, तंजावर

तंजावरला बिशप पिन्यो कधी आले नाहीत. मी आले ती एक जोडी जुळवायला.

शिवगंगा तळ्याजवळच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये भिंतीवर संगमरवरी उठावशिल्प आहे, लंडनच्या फ्लॅक्समनने घडवलेलं. खाटेवर म्हातारा प्रोटेस्टंट पाद्री फ्रीडरिक श्वार्ट्झ शेवटच्या घटका मोजतोय, आणि त्याचा हात हातात घेऊन उभे आहेत तंजावरच्या मराठी गादीचे आमचे सरफोजी राजे, पागोटं आणि अंगरखा घातलेले. पायाशी मिशनच्या शाळेतली पोरं. राजांच्या पागोट्याच्या घड्या मी अगदी जवळ जाऊन पाहिल्या. शिल्पकाराने कधी तंजावर पाहिलं नव्हतं, हे त्या घड्यांवरून कळतं, पण हाताची पकड मात्र खरी आहे. हे शिल्प राजांनीच करवून घेतलं. श्वार्ट्झच्या कबरीवरच्या इंग्रजी ओळीही त्यांच्याच.

सरफोजी जन्मले १७७७ मध्ये, कान्ह १७८० मध्ये. दोघांचंही राज्य दुसऱ्याने बळकावलेलं. दोघांनाही परक्या देशाचा पाद्री सांभाळतो, शिकवतो, आणि दोन्ही पाद्री आपल्या पोरासाठी युरोपीय सत्तेकडे खेटे घालतात. श्वार्ट्झचे खेटे कामी आले. तो फेब्रुवारी १७९८ मध्ये वारला, आणि त्याच वर्षी कंपनीने सरफोजींना गादीवर बसवलं. पुढच्या वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, राज्य मात्र कंपनीने काढून घेतलं. राजांकडे किल्ला, पेन्शन आणि पुस्तकं राहिली. पिन्यो ९ ऑक्टोबर १७९९ रोजी, क्वी न्योनच्या वेढ्यात, छावणीतच हगवणीने गेले. एकाच महिन्यात तंजावरची सत्ता गेली आणि व्हिएतनामचा राजा आपल्या पाद्रीला मुकला. पण तिकडे राजा जिंकला. १८०२ मध्ये न्गुयेन आन्ह झिया लाँग या नावाने सगळ्या व्हिएतनामचा सम्राट झाला. फ्रेंच फौज आली नव्हती म्हणूनच बहुधा, त्याचं राज्य त्याचंच राहिलं. व्हर्सायच्या तहाप्रमाणे साडेसोळाशे सैनिक उतरले असते, तर दा नांगमध्येही एखादा रेसिडेंट बसला असता.

श्वार्ट्झने सरफोजींना ख्रिस्ती केलं नाही, तसा अट्टहासही धरला नाही. राजे शेवटपर्यंत बृहदीश्वराचे भक्त राहिले. त्याच देवळाच्या भिंतीवर त्यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. दुपारच्या उन्हात पाय पोळत असताना आम्ही त्या ओळी शोधल्या. देवनागरीत, भिंतभर. भाऊ मोठ्याने वाचायला लागला, तर शेजारच्या तमिळ कुटुंबाने त्याला भटजी समजून नमस्कार केला. त्याने तो मुकाट घेतला.

कान्ह १८०१ मध्ये देवीच्या साथीत गेला, सम्राटपद पाहायच्या आधीच. गादी सावत्र भावाकडे, मिन्ह मांगकडे गेली. झिया लाँगने हयात असेपर्यंत मिशनऱ्यांना हात लावला नव्हता. मिन्ह मांगने मात्र १८२५ नंतर एकामागून एक फर्मानं काढून ख्रिस्ती धर्म बंद पाडायचा प्रयत्न केला, पाद्रींची मुंडकी उडवली. त्याच छळाचं निमित्त सांगून १८५८ मध्ये फ्रेंच आरमार दा नांगला आलं, पुढच्या वर्षी सायगाव घेतलं. मग वसाहतीला एक मूळपुरुष हवा होता. सायगावच्या कॅथीड्रलसमोर बिशप आणि बाल कान्ह यांचा पुतळा उभा राहिला, बिशपांच्या हातात तहाचा कागद. ज्या फ्रान्सने तो कागद पाँडिचेरीत कॉन्वेच्या हातून चुलीत घातला, त्याच फ्रान्सने तो पुतळ्याच्या हातात दिला. १९४५ मध्ये तो पुतळाही गेला.

"आणि कबर?" भावाने विचारलं. कबर सायगावच्या बाहेर, राजाने स्वतः बांधून दिलेली, व्हिएतनामी धाटणीची, उतरत्या कौलांची. १६ डिसेंबर १७९९ रोजी दफन झालं तेव्हा राजाचे बारा हजार रक्षक हजर होते असं मिशनरी लिहितात, आणि ख्रिस्ती नसलेलेही हजारोंनी आले होते. १९८३ मध्ये सरकारने ती कबर पाडली आणि अवशेष पॅरिसला, रू द्यु बाकच्या त्याच संस्थेत पाठवले. विमानतळाजवळचा तो चौक मात्र अजून लांग चा का, म्हणजे थोरल्या पाद्रीची समाधी, या नावानेच ओळखला जातो.

भावाची बोट अधूनमधून सायगावला लागते. पुढच्या खेपेला त्या चौकाचा फोटो काढून पाठवतो म्हणाला. त्याला सांगून ठेवलंय, सिग्नलला उभ्या असलेल्या दुचाक्यांचा पाठवू नकोस, नावाची पाटी दिसली पाहिजे.